ओएम ३१२ पुन्हा चालू करताना : टाटा-मर्सिडीज ट्रकच्या इंजिनकामाच्या नोंदी

१४ ऑक्टोबर २०२३

या नोंदी केवळ ट्रकच्या ओएम ३१२ या डिझेल इंजिनापुरत्या आहेत. ट्रक टाटा-मर्सिडीज-बेंझ एल ३१२ आहे. त्याची नोंदणी १९५८ ची असून गडहिंग्लज तालुक्यातील एका गूळ व्यापाऱ्याच्या घराण्यात तो पहिल्यापासून आहे, आणि गेली कित्येक वर्षे गुऱ्हाळाच्या शेडमध्ये विटांवर उभा आहे. बॉनेट, मडगार्ड आणि रेडिएटरच्या जाळीवरचा तीन पात्यांचा तारा शाबूत आहे. लाकडी सांगाड्याची केबिन मात्र खालून कुजली आहे. त्या काळी कंपनीकडून बहुधा चॅसिस आणि काउल (केबिनच्या पुढचा पत्र्याचा भाग) एवढेच येई, केबिन आणि हौदा गावोगावचे सुतार-लोहार बांधत, त्यामुळे केबिनसाठी मूळ नमुना शोधण्यात अर्थ नाही. इंजिनाचे तसे नाही. तिथे मूळ काय होते हे ठरवल्याशिवाय एक बोल्टही विकत घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

याचे कारण थोडक्यात सांगतो. १९५४ साली टेल्कोने (आजची टाटा मोटर्स) डाइमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला आणि जमशेदपूरला हे ट्रक तयार होऊ लागले. त्यांतील ओएम ३१२ हे इंजिन जर्मनीत १९४९ पासून वापरात होते : सहा सिलिंडर, ९० मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास), १२० मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनची धाव), सुमारे ४.६ लिटर, आणि ज्वलनासाठी प्रत्येक सिलिंडरच्या हेडमध्ये वेगळे प्रीचेंबर, म्हणजे जिथे डिझेल आधी पेटते ती छोटी कोठी. पुढे टाटांचे ६९२ इंजिन आले. त्याच्या नावातच सहा सिलिंडर आणि ९२ मिलिमीटर बोअर आहे, स्ट्रोक तोच १२० राहिला. बाहेरून पाहणाऱ्याला ही दोन इंजिने एकाच घरातील वाटतात, म्हणून जुन्या गाड्यांना नवे भाग लावण्याची रीत गॅरेजांमध्ये पडली. बाजारात आज 'जुन्या मर्सिडीजचे' म्हणून जे विकले जाते त्यातील पुष्कळ सामान प्रत्यक्षात नंतरच्या इंजिनाचे असते. या कामातील बराच खर्च आणि पुष्कळसा उशीर याच एका गोष्टीमुळे झाला, हे पुढे दिसेलच.

नोंदणी पुस्तकातील इंजिन क्रमांक ब्लॉकवरील क्रमांकाशी जुळला. ब्लॉक मूळचा आहे.

२२ ऑक्टोबर

इंजिन जाम आहे. नोझल (डिझेल फवारणाऱ्या तोट्या) काढून प्रत्येक छिद्रातून डिझेल आणि ऑइलचे मिश्रण सोडले होते, ते आठवडाभर मुरू दिले. प्रीचेंबरची तोंडे बारीक असल्यामुळे मिश्रण पिस्टनवर पोहोचायला वेळ लागतो. घाई करणाऱ्याने हे लक्षात ठेवावे. आज फ्लायव्हीलला टामी लावून मागे-पुढे हलवल्यावर क्रँक सुटला. एका बाजूने जोर लावून फिरवण्यापेक्षा थोडे पुढे, थोडे मागे असे करत गेल्याने रिंगा तुटल्या नाहीत.

५ नोव्हेंबर

रेडिएटर, पुढचा पत्रा आणि बॉनेट उतरवून इंजिन गिअरबॉक्सपासून वेगळे केले आणि एक टनी चेनपुलीने बाहेर काढून घोडीवर ठेवले. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे दोन स्टड तुटले. ते तुटणारच होते. ब्लॉकवरील कोअर प्लग (पाण्याच्या पोकळीची झाकणे) काढले तेव्हा आत पाण्याची जागा जवळपास उरलेलीच नव्हती. गुऱ्हाळाच्या विहिरीचे जड पाणी वर्षानुवर्षे रेडिएटरमध्ये गेले होते, आणि पाचव्या-सहाव्या सिलिंडरच्या मागे क्षार व गंज यांचा दगडासारखा थर बसला होता. मागच्या सिलिंडरांभोवती पाणी फिरत नसताना पुढे लावलेला तापमानाचा काटा काहीच सांगत नाही. ज्यांची गाडी काट्यावर थंड दिसते पण ओढताना मऊ पडते, त्यांनी मागचे प्लग काढून पाहावेत.

११ नोव्हेंबर

हेड काढले. प्रीचेंबर सहाही आहेत, म्हणजे हेडही मूळ प्रकारचे आहे. ही मोठी समाधानाची बाब आहे, कारण ब्लॉक, क्रँक आणि पिस्टन यांना पर्याय निघतात, चांगले प्रीचेंबरवाले हेड मात्र सहजासहजी मिळत नाही.

प्रीचेंबर काढण्यासाठी खाचा असलेला विशेष सॉकेट लागतो. प्रीचेंबर जागी धरून ठेवणारी खाचांची चाकी छिन्नी-हातोड्याने फिरवण्याचा पूर्वी कोणीतरी प्रयत्न केल्याच्या खुणा दोन ठिकाणी आहेत. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एका लेथवाल्याला चाकी दाखवून जाड नळीच्या तुकड्यावर चार दात मिलिंग करून घेतले, नंतर ते कठीण करून घेतले. खर्च १,८०० रुपये. काम सुरू करण्याआधीच हे हत्यार बनवून घ्यावे. एका प्रीचेंबरचे ज्वाला बाहेर पडण्याचे टोक चिरले होते आणि बाकीच्या पाचांची छिद्रे कार्बनने अर्धी बुजली होती.

१८ नोव्हेंबर

मापे घेतली. वरच्या रिंगेच्या जागी बोअर ९०.१२ ते ९०.२१ भरला, सर्वाधिक झीज चौथ्या सिलिंडरची. ब्लॉकमध्ये ड्राय स्लीव्ह (पाण्याशी थेट संबंध न येणारी सिलिंडरची अस्तरे) आहेत आणि त्यांच्या भिंती आणखी एकदा बोरिंग सहन करतील इतक्या जाड आहेत. क्रँकला सात मेन बेरिंगे आहेत. मेन जर्नल (क्रँकचे बेरिंगमध्ये फिरणारे भाग) थोडेच झिजले आहेत, पण तिसऱ्या कनेक्टिंग रॉडचे जर्नल ओरखडलेले आणि अंडाकृती झाले आहे.

या मापांची यादी कागदावर लिहून घेतल्यावरच दुकाने फिरायला सुरुवात केली. तीन ठिकाणी मला ९२ चे पिस्टन दाखवण्यात आले आणि "बोअर वाढवून टाका, सगळे तसेच करतात" असा सल्ला मिळाला. तसे केले असते तर पिस्टन बसले असते, गाडीही कदाचित चालली असती. पण पिस्टनच्या माथ्याचा आकार, प्रीचेंबरच्या तोंडाशी त्याचे नाते आणि उरणारी भिंत या तिन्ही गोष्टींवर मला विश्वास ठेवता आला नसता. शेवटी सांगलीच्या एका बंद होत आलेल्या दुकानात ०.५० ओव्हरसाइझचे, म्हणजे ९०.५० चे, जुने पण न वापरलेले पिस्टन रिंगांसह मिळाले. डब्यातील मेणकापड अजून ओलसर होते. सहा पिस्टनांचे २४,००० रुपये पडले. ही रक्कम जास्त वाटते, पण पर्याय नव्हता.

२ डिसेंबर

गडहिंग्लजच्या अण्णांना भेटलो. हाच ट्रक त्यांनी ऐन उमेदीत चालवला. त्याआधी ते पेट्रोलवरच्या फार्गोवर होते. फार्गोचे इंजिन शांत, पण घाटात पेट्रोल पाण्यासारखे जाई. ही गाडी आल्यावर मालकाने पहिल्याच हंगामात दुसरी नोंदवली, असे ते सांगतात. कोल्हापूरहून गूळ भरून कराड, सातारा, खंबाटकी, पुणे, खंडाळा आणि मुंबई हा त्यांचा रस्ता. खंबाटकीला भरल्या गाडीने पहिला गिअर टाकायचा आणि माथ्यापर्यंत तो काढायचा नाही, कारण चढावर डबल क्लच चुकला तर गाडी मागे येई आणि क्लीनरला दगड घेऊन धावावे लागे.

त्यांच्या बोलण्यातील दोन गोष्टी मी कामासाठी टिपून घेतल्या. पहिली ग्लो प्लगची, म्हणजे इंजिन चालू करण्याआधी प्रीचेंबर तापवणाऱ्या प्लगांची. हे प्लग एकामागोमाग एक, एकाच साखळीत जोडलेले असतात; एक जळला की सगळे थंड. डॅशबोर्डवरच्या जाळीमागची तार लाल झाली तर साखळी पूर्ण आहे, काळीच राहिली तर कुठेतरी तुटली आहे. रस्त्यात प्लग जळला की तारेचा तुकडा आडवा लावून त्याला वगळत, पण मग उरलेल्या पाचांवर जास्त दाब येऊन तेही लवकर जात. दुसरी गोष्ट त्यांनी अशी सांगितली : "गाडी तापलेली नाही आणि तरी रेडिएटर पाणी फेकतोय, तर हेडच्या गास्केटला हात लावायचा नाही. आधी चेंबरचा वायसर बघायचा." त्या वेळी मी हे केवळ लिहून ठेवले.

१६ डिसेंबर

बोरिंग आणि होनिंग झाले. प्रत्येक पिस्टन त्याच्या सिलिंडरला क्रमांक टाकून जुळवला. क्रँक ग्राइंडिंगमध्ये रॉडची सर्व जर्नले ०.५० अंडरसाइझला नेली. एकच जर्नल वेगळ्या मापाचे ठेवणे पुढच्या माणसावर अन्याय करणारे आहे. बोरिंग ७,२०० आणि ग्राइंडिंग ९,५०० रुपये.

हेडमध्ये दुसऱ्या सिलिंडरच्या दोन व्हॉल्व्ह सीटच्या मध्ये बारीक चीर निघाली. ती डोळ्यांना दिसत नव्हती, रंग सोडून पुसल्यावर लाल रेष उमटली. बीडाला वेल्डिंग करून घेण्यास मी नकार दिला आणि पिना ठोकून थंड पद्धतीने शिवून घेतली. ६,५०० रुपये. नंतर हेड दाबाखाली पाण्यात धरून तपासले, बुडबुडे आले नाहीत. हेडचे सपाटीकरण आणि प्रीचेंबरच्या बैठका साफ करण्याचे काम त्याच वर्कशॉपला दिले.

६ जानेवारी २०२४

हेड गास्केट आले आणि ते चुकीचे निघाले. पाकिटावर ३१२ छापले होते. ब्लॉकवर ठेवून पाहिले तेव्हा अग्निरिंग (गास्केटवरची, बोअरभोवती बसणारी धातूची कडी) बोअरच्या कडेपासून सर्व बाजूंनी मागे होती, म्हणजे ती ९२ च्या बोअरची होती, आणि मागची दोन पाण्याची छिद्रे अर्धी झाकली जात होती. आधीच क्षाराने गुदमरलेल्या त्या सिलिंडरांचे पाणी या गास्केटने पुन्हा अडवले असते. विक्रेत्याने ते परत घेतले नाही. २,१०० रुपये गेले.

हा अनुभव सविस्तर लिहितो, कारण गास्केट एकदा हेडखाली दाबले गेले की काहीच दिसत नाही. बसवण्यापूर्वी गास्केट ब्लॉकवर कोरडे ठेवावे, प्रत्येक बोअरभोवती बोट फिरवावे, प्रत्येक छिद्रातून उजेड पाहावा आणि मग तेच हेडच्या बाजूने करावे.

शेवटी जुन्या गास्केटचा ठसा आणि ब्लॉकचा मापासह काढलेला कागदी नमुना देऊन तांब्याचे, अॅस्बेस्टॉसविरहित गास्केट बनवून घेण्याचे ठरले. एकाऐवजी दोन मागवली. दोन्ही मिळून ७,४०० रुपये.

२० जानेवारी

गास्केटची वाट पाहत असताना डिझेल पंपाचे (नोझलांना दाबाने डिझेल पुरवणाऱ्या) काम हाती घेतले. पंप सहा एलिमेंटचा, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला डिझेल दाबणारा एकेक भाग असलेला, इन-लाइन. त्यातील दोन प्लंजर जुन्या डिझेलच्या लाखेसारख्या थराने चिकटले होते. जोर न लावता ते स्वच्छ डिझेलमध्ये भिजत ठेवले आणि मोकळे झाले, पण त्यांतील एकाची झीज जास्त असल्याने तो एलिमेंट बदलावा लागला. पंप मिस्त्रींनी बेंचवर सहाही एलिमेंटचा पुरवठा सारखा करून दिला. नोझल प्रीचेंबर पद्धतीला साजेशा कमी दाबावर, सुमारे ११५ किलोवर, उघडतील असे लावले. डायरेक्ट इंजेक्शनच्या (प्रीचेंबर नसलेल्या) इंजिनांची सवय असलेला माणूस येथे दाब फार वाढवून देण्याची शक्यता असते, म्हणून इंजिनाचा प्रकार आधी सांगावा. पंप व नोझल मिळून १९,००० रुपये.

आता गव्हर्नर, म्हणजे इंजिनाचा वेग आवरणारी यंत्रणा. तो हवेच्या ओढीवर चालतो आणि नव्या मिस्त्रींना सहसा ठाऊक नसतो. अॅक्सिलरेटरचे पेडल पंपाला जोडलेले नसून इनटेकच्या नळीतील झडपेला जोडलेले असते. झडप बंद असताना तिथे निर्वात तयार होतो, तो एका बारीक नळीने पंपाच्या मागच्या डबीत पोहोचतो, तेथील चामडी पडदा मागे ओढला जातो आणि पडद्याला जोडलेली दांडी डिझेल कमी करते. म्हणजे ही नळी किंवा पडदा कुठेही गळाला, तर दांडी स्प्रिंगच्या जोराने पूर्ण डिझेलच्या बाजूला जाते आणि इंजिन स्वतःहून वेग घेत सुटते. पडदा तपासण्याची रीत सोपी आहे. पंपावरील बंद करण्याचा लिव्हर पूर्ण दाबून धरायचा, निर्वात नळीच्या तोंडावर बोट घट्ट ठेवायचे आणि लिव्हर सोडायचा. पडदा चांगला असेल तर दांडी थोडी पुढे येऊन तिथेच थांबते. हळूहळू सरकत राहिली तर पडदा गळतो. आमचा पडदा वाळून कडक झाला होता. तो सरकत होता. नवा चामडी पडदा पंप मिस्त्रींच्या जुन्या साठ्यातून मिळाला.

१० फेब्रुवारी

गास्केट आले, दोन्ही बाजूंनी जुळले. ग्लो प्लग सहापैकी चार चांगले होते. दोन नवे घेताना अंगावर छापलेला व्होल्ट पाहून घेतले. चार सिलिंडरच्या जुन्या मर्सिडीज मोटारींचे प्लग दिसायला असेच असतात, पण साखळीतील प्लगांची संख्या वेगळी असल्याने ते येथे चालतीलच असे नाही. सहाही एकसारखेच हवेत.

२४ फेब्रुवारी

इंजिन चॅसिसवर बसले. पंपाचे टायमिंग पहिल्या सिलिंडरवर, पाइपमधून येणारे डिझेल थांबण्याचा क्षण पाहून आणि फ्लायव्हीलवरील खुणेशी मिळवून लावले. फायरिंग क्रम १-५-३-६-२-४. टॅपेटचे अंतर (व्हॉल्व्हची मोकळीक) थंड इंजिनावर, पुस्तकाप्रमाणे.

३ मार्च

पहिल्यांदा चालू केले. हवा काढण्यात बराच वेळ गेला. डॅशबोर्डवरची तार लाल होईपर्यंत थांबून सेल्फ मारला, आणि काही फेऱ्यांनंतर सहाही सिलिंडर पेटले. धूर पांढरा, मग निळसर, मग जवळपास नाहीसा. क्षणभर वेग नीट होता आणि मग पेडलला कोणी हात न लावता तो वाढू लागला.

याची तयारी आधीच ठेवली होती. एक माणूस पंपाच्या लिव्हरपाशी उभा होता आणि इनटेकच्या तोंडाशी धरण्यासाठी प्लायवुडची फळी तयार होती. लिव्हर दाबताच इंजिन थांबले, फळीची गरज पडली नाही. असे जुने, हवेच्या गव्हर्नरचे इंजिन प्रथम चालू करताना या दोन गोष्टींशिवाय सेल्फला हात लावू नये. दोष पडद्यात नव्हता, निर्वाताच्या नळीत होता : क्लिपच्या खाली, जिथे नजर जात नाही, तिथे धातूच्या नळीला केसाएवढी चीर गेली होती आणि इंजिनाच्या थरथरीने ती उघडत होती. नळी नवी करून घेतली. खर्च नगण्य.

९ मार्च

वेग आता स्थिर आहे. आवाज ऐकण्यासाठी अण्णांना आणले. ते बराच वेळ बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले आणि "हाच आवाज" एवढेच म्हणाले. प्रीचेंबरच्या इंजिनाचा आवाज नंतरच्या डायरेक्ट इंजेक्शनपेक्षा मऊ असतो, ठोका टोचत नाही. गावातील ज्या लोकांनी केवळ पुढच्या काळातील ट्रक ऐकले आहेत त्यांना हे इंजिन मंद वाटले.

पण रेडिएटरमध्ये बुडबुडे येत होते. इंजिन गरम झालेले नव्हते, तरी झाकण उघडे ठेवल्यावर पाणी उसळून बाहेर पडत होते. उपस्थित मिस्त्रींचे एकमत हेड गास्केटवर झाले आणि बनवून घेतलेल्या गास्केटला दोष दिला गेला. अण्णांनी डिसेंबरमध्ये सांगितलेले वाक्य तेव्हा उपयोगी पडले. हेड न उचलता एकेका नोझलचा पाइप सैल करून तो सिलिंडर बंद केला. तिसरा बंद केल्यावर बुडबुडे थांबले. तिसऱ्याचे प्रीचेंबर, हेड जागेवरच असताना, बनवून घेतलेल्या सॉकेटने काढले. त्याखालच्या वायसरवर एका बाजूला काळा, जळका पट्टा होता आणि हेडमधील बैठकीवर गंजाचे खड्डे जसेच्या तसे होते. ज्या वर्कशॉपला बैठका साफ करायला दिल्या होत्या त्याने त्या केवळ तारेच्या ब्रशने घासल्या होत्या. तिथे कटर लागलेलाच नव्हता.

२३ मार्च

बैठका सरळ करण्यासाठी प्रीचेंबरच्याच आट्यांत मार्गदर्शक बसेल असा कटर करून घेतला, म्हणजे तो तिरका जाण्याचा प्रश्न उरत नाही. तीन हजार रुपये. बुरादा सिलिंडरमध्ये पडू नये म्हणून हेड उचलावेच लागले, आणि त्यासोबत पहिले गास्केट गेले. दुसरे जवळ होते म्हणून काम पुन्हा महिनाभर अडले नाही. सहाही बैठका अगदी थोड्या कापून नव्या वायसरसह बसवल्या. बैठक जितकी खाली जाते तितके प्रीचेंबरचे टोक खाली येते, त्यामुळे कापलेले माप टिपून त्या जाडीचा फरक वायसरमध्ये भरून काढला.

७ एप्रिल

सतत दोन तास चालवले. पाणी शांत आहे, ऑइलचा दाब गरम अवस्थेतही पडत नाही, मागच्या सिलिंडरांजवळ ब्लॉकचे तापमान पुढच्याइतकेच आहे. इंजिन थंड झाल्यावर हेडचे नट क्रमाने पुन्हा आवळले, टॅपेट पुन्हा पाहिले, ऑइल आणि फिल्टर बदलले. काढलेल्या ऑइलमध्ये बारीक राखाडी चमक होती, ती नव्या रिंगांच्या बसण्याची आहे. पुढच्या बदलीत ती दिसता कामा नये. क्रँकच्या मागच्या टोकाकडून थेंब थेंब ऑइल येते. त्यासाठी गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागेल, आणि क्लच प्लेटचे काम आल्यावर दोन्ही एकत्र करायचे ठरले आहे.

इंजिनाचा आतापर्यंतचा खर्च, स्टड, ऑइल, बेरिंगचे शेल आणि मजुरी धरून, १,३२,००० रुपयांच्या आसपास आहे. यातील गास्केटचे वाया गेलेले पैसे आणि बैठकांचे दुबार काम वगळता कोणताही खर्च टाळता आला असता असे मला वाटत नाही. कोणाला या मापांची, गास्केटच्या कागदी नमुन्याची किंवा प्रीचेंबरच्या सॉकेटच्या दातांच्या अंतराची गरज असेल तर ती मी जपून ठेवली आहेत. सॉकेट आणि कटर काही दिवसांसाठी नेता येतील. ब्रेक आणि पुढच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे काम पावसाळ्याआधी सुरू होईल आणि त्याच्या नोंदी वेगळ्या ठेवीन.